टीव्हीवरच्या स्वयंपाकाला गुण देताना

दिग्रसकडच्या एका ताईंनी विचारलं आहे, "आमच्या बचतगटातल्या आठ-दहा बाया रात्री एकीच्या घरी जमून मास्टरशेफ पाहतो. निकाल लागला की रोज भांडण. एक म्हणते अन्याय झाला, दुसरी म्हणते सगळं आधीच ठरलेलं असते, तिसरी म्हणते चवच कळत नाही तर तुम्ही बोलून काहून राहिल्या. मग टीव्हीवरचा स्वयंपाक बरा का वाईट हे ठरवायचं कसं? दिवाळीनंतर गावात अशीच स्पर्धा घ्यायची आहे, तिथं गुण कसे द्यायचे तेही सांगा."

ताई, तिसरीचं म्हणणं अर्धंच खरं आहे. टीव्हीतून चव येत नाही, वासही येत नाही. पण चव ज्या कामातून येते ते काम डोळ्यांसमोर चाललेलं असतं. मी आर्वी-हिंगणघाट भागात पंगतीचा स्वयंपाक करते, तालुक्याच्या पाककला स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसते. हाताखालच्या बाईचा गंज, म्हणजे पातेलं, मी लांबूनच पाहते आणि ओरडते, "आच कमी कर वो!" तिथं दर वेळी चमचा घेऊन कोण जातं? तुमची भांडणं ताटावरून होतात. तुम्ही भांड्याकडे पाहायला लागा. ताट परीक्षकांपुढे जाण्याच्या कितीतरी आधी, बहुतेक वेळा तिथंच निकाल लागलेला असतो.

सगळ्यात आधी पाहायचं ते स्पर्धकानं काय करायला घेतलं. वेळ तासाभराची आहे आणि कोणी बोकडाची मांडी उचलली, तर मी लगेच घड्याळ पाहते. या मटणातला चिवट भाग, ज्याला कोलॅजन म्हणतात, तो ओल्या उष्णतेत हळूहळू विरघळतो. आच वाढवून घाई केली की मांस आकसून आणखी चामट होतं. खुल्या गंजात हे काम तासाभरात होत नाही. म्हणजे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मटण कुकरमध्ये गेलं पाहिजे आणि मसाला बाजूच्या शेगडीवर व्हायला पाहिजे. ज्यानं वीस मिनिटं खोबरं-खसखस भाजण्यात घालवली आणि मटण अजून वाडग्यात कच्चंच पडलं आहे, त्याचं पुढे काय होणार हे सांगायला परीक्षक लागत नाही. जाणता माणूस अशा वेळी खिमा घेतो, नाही तर कलेजी. न भिजवलेला राजमा, हरभरे यांचंही तेच. निवडीवरची टीका मला सगळ्यात रास्त वाटते, कारण ती चूक घाबरून झालेली नसते, हिशेब न केल्यानं झालेली असते.

मग कांदा. एका दृश्यात पांढरा, पुढच्या दृश्यात तपकिरी, मधला वेळ कापलेला. त्याला भुलू नका. रंग एकसारखा आहे, का कडा काळ्या आणि मधे पांढरं, ते पाहा. कडा काळ्या म्हणजे आच मोठी होती आणि सराटा, म्हणजे उलथणं, फिरत नव्हता. मग परीक्षक म्हणतात, "मसाला कच्चा लागतो," आणि घरोघरी बाया म्हणतात, एवढा काळा झाला तरी कच्चा कसा? होतो तसा. वरून जळतो, आतून कच्चा राहतो, आणि रश्शात कडवटपणा आणि कच्चेपणा दोन्ही उतरतात. तिखट गरम तेलात पडलं की काही सेकंदांत काळवंडतं. त्या क्षणी भांडं आचेवरून खाली आलं का, पाण्याचा शिपका पडला का, एवढ्यावर मी मनातल्या मनात एखादीला पुरे गुण देऊन टाकते. तेल कडेनं सुटेपर्यंत थांबायचं असतं हे तर तर्रीच्या मुलखातल्या बायांना मी सांगायला नको.

छोट्या तव्यावर चिकनचे सगळे तुकडे एकदम टाकले की तवा थंडावतो, पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. रंग फिकाच राहतो. चरचर आवाजावर जाऊ नका, तो नंतरही बसवता येतो. रंगावर जा. तळणात बुडबुडे पाहा. तेल १७० ते १८० अंशांवर असलं तर वडा पडताच भोवती भरभर बुडबुडे उठतात. वडा तळाशी जाऊन गप्प बसला तर तो तेल पिणार, पुढे त्यावर कितीही चटणीचे ठिपके काढा.

आणि चमचा. स्पर्धक किती वेळा चाखतो ते मोजत जा. मीठ आपल्याला दिसत नाही, पण मीठ पाहणारा दिसतो. फोडणीनंतर एकदा, पाणी घातल्यावर एकदा, उतरवण्याआधी एकदा, एवढं तरी हवंच. धावपळ करणारी, घाम पुसणारी स्पर्धक टीव्हीवर फार कष्टाळू दिसते आणि आपला जीव तिच्याकडे ओढतो. शेजारची शांतपणे चाखत असते, तिच्याकडे कॅमेरा कमी जातो. माझे पैसे मी दुसरीवर लावीन.

परदेशी पदार्थ आला की आमच्याकडच्या बाया एकदम चूप होतात, तुमच्याकडेही होत असतील. काही गरज नाही. एक उदाहरण देते. रिझोटो नावाचा इटलीचा भात असतो, त्यात तांदूळ धूत नाहीत, कारण तांदळावरचं पीठच रश्शात उतरून त्याला दाटपणा देतं. पुलावाला नेमकं उलटं, तिथं ते पीठ धुऊन काढावं लागतं, नाही तर दाणे चिकटतात. स्पर्धकानं रिझोटोचा तांदूळ तीन पाण्यांतून धुतला तर तो तिथंच चुकला, आणि हे सांगायला इटलीला जाऊन यावं लागत नाही. आपल्याला तांदळाचं पीठ कळतं.

आता परीक्षकांबद्दल. शेवटी ताटापुढे उभं राहून एक घास घेतात, त्यावरच सगळं ठरतं असं आपण धरून चालतो. पण शूटिंगमध्ये ताट तयार होण्यापासून ते त्या घासापर्यंत बराच वेळ जातो. सगळ्यांची ताटं ओळीनं लागतात, कॅमेरे जागा बदलतात, मधे अन्न निवतं. म्हणून परीक्षक स्वयंपाक चालू असतानाच ओट्याओट्यावर फिरून चाखतात, आणि त्यांचं मत तिथंच बनायला लागतं. तुम्हाला कुरकुरीत दिसलेली वडी त्यांना मऊ लागली, तर कोणीच खोटं बोलत नसतं. मधला वेळ तुम्हाला दाखवलेला नसतो.

यावरूनच "सगळं ठरलेलं असते" याकडे येऊ. हिशेब करा. दहा स्पर्धक, प्रत्येकाचा एक तास, म्हणजे दहा तासांचा स्वयंपाक. त्यातला पंधरा-वीस मिनिटांचा तुमच्यापुढे येतो. बाकीचा कापताना कापणाऱ्याला निकाल माहीत असतो. निकाल आधी ठरवतात असं मला वाटत नाही. गोष्ट मात्र निकालानंतर ठरते. जो जाणार आहे, त्याची आई, त्याचं घर, त्याची लहानपणची आठवण त्याच भागात अचानक निघते. जिंकणारीची फोडणी जरा जळली असेल, तर ती बहुधा दिसतच नाही. स्पर्धक एकटाच कॅमेऱ्याकडे पाहून "मला खूप टेन्शन आलंय" म्हणतो ते बोलणंही स्वयंपाक संपल्यावर घेतलेलं असतं, फक्त वर्तमानकाळात. हे कळलं की निम्मी भांडणं मिटतात, आणि अंदाज बांधण्याची मजा वेगळीच येते. आमच्या घरी सासूबाई तर आईचा फोटो दिसला की लगेच म्हणतात, "गेला बिचारा."

एक सवय लावून घ्या. ताटं परीक्षकांपुढे जायला लागली की टीव्हीचा आवाज बंद करा. संगीत बंद झालं की निम्मा परिणाम ओसरतो. प्रत्येकीनं कागदावर पहिली तीन आणि शेवटची दोन नावं लिहायची, आणि प्रत्येक नावापुढे एक कारण, तेही भांड्यातलं: "मटण उशिरा कुकरला", "एकदाही चाखलं नाही", "तळताना गर्दी". "मला आवडली" हे कारण धरायचं नाही. मग आवाज लावायचा. खेड्यात नेमकी निकालाच्या वेळी लाइट जाते, तेव्हा तर हा खेळ कागदावरच पुरा होतो. जिथं तुमचं कारण आणि परीक्षकांचं कारण जुळलं नाही तो पदार्थ रविवारी दोघींनी करून पाहायचा. गटाकडे बाकी काही नसलं तरी शेगडी असतेच.

अन्याय कधी होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २०२३ च्या पर्वात माशाच्या आव्हानात एका शाकाहारी स्पर्धक बाईंना माशाऐवजी पनीर दिलं आणि प्रेक्षकांनी पक्षपाताचा गदारोळ केला. तुमच्या गटातही यावर वाजलं असेल. मला विचाराल तर चूक त्या बाईंची नव्हती, आव्हान मांडणाऱ्यांची होती. मासा देण्यामागे परीक्षा कशाची? काटे काढणं, कातडी सांभाळणं, आणि एखादं मिनिट जास्त झालं की कोरडं पडणारं नाजूक मांस वेळेवर उतरवणं. पनीरला ना काटे ना कातडी. जास्त शिजलं तर रबरासारखं होतं, पण मासा जितक्या पटकन हातातून जातो तितकं ते जात नाही. म्हणजे बाकीच्यांचा पेपर एक आणि त्यांचा दुसरा. शाकाहारी स्पर्धक घ्यायचे असतील तर सगळ्यांनाच झेपेल असं आव्हान ठेवावं, किंवा सरळ २०१५ च्या चौथ्या पर्वासारखं अख्खं पर्व शाकाहारी करावं. पण या गोंधळात लोकांनी त्या बाईंनाच जे बोल लावले ते मला पटले नाहीत. टीका ओट्यावर करा. कोणाचं रडणं, कोणाची साडी, कोणाचं हिंदी, यावर बोलायला आपल्याला कोणी बसवलेलं नाही.

आपल्याकडचा पदार्थ स्पर्धेत आला की तुमच्यासारखीच मीही खुर्ची पुढे ओढते, आणि बहुतेक वेळा चिडून मागे सरकवते. सावजी म्हटलं की तिथं फक्त तिखट. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला हा रस्सा. त्यात भाजलेल्या मसाल्याचा वास तिखटाच्या मागून वेगळा आला पाहिजे, नुसतं नाक-डोळे वाहिले म्हणजे सावजी झालं नाही. पाटोडी रस्सा, म्हणजे रश्शातल्या बेसनाच्या वड्या, तर सपाट पांढऱ्या ताटलीत, मधे दोन पाटोड्या आणि बाजूला चमच्यानं ओढलेली रश्शाची रेघ! पाटोडीनं रस्सा प्यायला पाहिजे, त्यासाठी ती रश्शात बसली पाहिजे. खोलगट वाडगं हवं. रेघेतला रस्सा घास घेईपर्यंत गार. गोळाभाताचं तसंच: बेसनाचे गोळे कोरडे असतात, म्हणून वरून फोडणीचं तेल चांगलं सढळ हातानं लागतं. टीव्हीवर ताटात तेल दिसलेलं बरं दिसत नाही, म्हणून स्पर्धक ते चमचाभर घालतो आणि परीक्षक म्हणतात, "थोडं ड्राय आहे." असणारच! मांडणीला माझी ना नाही. मांडणीसाठी पदार्थ मोडला तर मात्र मी गुण कापते.

पण गावाकडचं अन्न तिथं चालत नाही, असंही समजू नका. आपल्याकडे हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि पहिली विजेती लखनौची शिक्षिका पंकज भदौरिया होती. पुढे २०२० मध्ये ओडिशाचा अबिनास नायक आणि २०२३ मध्ये आसामच्या तिनसुकियाचा नयनज्योती सैकिया जिंकला. आपापल्या मुलखाचं अन्न घेऊन ही मुलं तिथं उभी राहिली. रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आणि वांग्याची भाजी घेऊन कोणी गेलं तर मी पहिल्या रांगेत बसून पाहीन, फक्त त्यानं गोवऱ्यांची आग स्टुडिओत कशी लावायची ते आधी विचारून घ्यावं.

आता माझ्या धंद्याचं. शंभर माणसांसाठी दोन टीमनी स्वयंपाक करायचा, असं टीम चॅलेंज असतं ना, तो भाग मी सोडत नाही. घरात उत्तम रांधणारी माणसं तिथं हमखास गडबडतात आणि परीक्षक "टीमवर्क कमी पडलं" म्हणून सोडून देतात. टीमवर्क नाही, हिशेब कमी पडतो. घरचं चौघांचं प्रमाण घेऊन पंचविसानं गुणतात. घरच्या भगोण्यात वाटीला दोन वाट्या पाणी लागतं, कारण त्यातलं बरंच वाफेनं जातं. मोठ्या डेगीत तांदळाच्या मानानं वाफ फार कमी जाते. दहा किलो तांदळाला हिशेबानं वीस लिटर पाणी घातलं तर भाताचा लगदा होतो. शिवाय डेग आचेवरून उतरवली तरी आतली उष्णता शिजवत राहते, म्हणून भात कणी राहिली असतानाच उतरवायचा असतो. तिखट, गरम मसाला, हिंग हेही सरळ गुणायचे नाहीत. हिशेबाच्या दोन-तृतीयांश घालायचं, चाखायचं आणि मग वाढवायचं.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याच्या उकळीची. घरच्या गॅसच्या शेगडीवर चाळीस लिटर पाण्याला उकळी यायला दीड-दोन तास सहज लागतात, म्हणून तर आम्ही भट्टी लावतो. टीम मैदानात आली की आधी कोण पाणी चढवतो ते पाहा. एका टीमचा कॅप्टन सगळ्यांना गोल उभं करून भाषण देतो, दुसरीचा काही न बोलता सगळ्यात मोठं भांडं आचेवर ठेवतो. मग कांदा. पाच किलो कांदा चिरायला किती हात बसवले? आणि शेवटी, चाखतो कोण? मोठ्या स्वयंपाकात जीभ एकच हवी. चार जणांनी येता-जाता चिमूट चिमूट मीठ घातलं की वरण गेलं. अंदाज हवा असेल तर घ्या: पोळ्या असतील तर शंभर माणसांना तांदूळ सात-आठ किलो, वरणाला तुरीची डाळ तीन किलोच्या आसपास, आलू-वांग्याची भाजी दहा-बारा किलो. कापणीच्या दिवसांत गडी माणसं जेवायला असतील तर यात वाढ करा. टीव्हीवरची टीम किती माल उचलते ते या आकड्यांशी ताडून पाहा, अन्न उरणार का पुरणार नाही हे तुम्हाला जाहिरातींच्या आधी कळेल.

राहिली तुमची दिवाळीनंतरची स्पर्धा. पावसाळ्यात कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव होतात, तिथं मी पाहते: तरोट्याची भाजी, काटवलाची भाजी सकाळीच करून आणलेली, ताटाभोवती रांगोळी, झेंडूची फुलं, आणि परीक्षक पाहुण्यांच्या भाषणांनंतर दुपारी चाखतात. म्हणजे गुण रांगोळीलाच जातात. तुम्ही घरून करून आणायला सांगू नका. समोर रांधायला लावा, एकसारख्या शेगड्या, एक तास, आणि मुख्य वस्तू सगळ्यांना एकच. तुरीची डाळ ठेवा. ती सगळ्यांच्या घरी असते आणि त्यात लपायला जागा नसते. अर्धा तास भिजवलेलीच द्या, म्हणजे कुकर बरा का वाईट यावर निकाल जाणार नाही.

शंभरपैकी पन्नास गुण चवीला ठेवा, वीस शिजण्याला, म्हणजे डाळ मोडली आहे पण पीठ झालेली नाही यासाठी. वीस रांधतानाच्या कामाला: ओटा, हात, वाया गेलेला माल, चाखणं. मांडणीला दहाच. कामाचे वीस गुण देणारी बाई चाखणाऱ्यांतली नको, ती फक्त फिरून पाहील. चाखणारे तीन, आणि त्यांनी रांधताना तिकडे फिरकायचंही नाही. वाट्यांवर नाव नको, क्रमांक टाका, आणि वाट्या सगळ्या एकसारख्या, गटाच्याच.

चाखण्याचा क्रमही पाळा. आधी साधं वरण, मग आंबट-गोड, आणि मिरची-ठेच्याचं सगळ्यात शेवटी. एकदा जीभ भाजली की पुढच्या पाच वाट्या सपक लागतात आणि त्या बाया विनाकारण हरतात. मधे पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. ताक ठेवा आणि बिनमिठाचा साधा भात, प्रत्येक वाटीनंतर घोटभर आणि घासभर. पहिल्या वाटीला परीक्षक हात राखून गुण देतात आणि शेवटी पोट भरलेलं असतं, म्हणून तिघांना वाट्या वेगवेगळ्या क्रमानं द्या, फक्त तिखटाच्या वाट्या तिघांनाही शेवटी. गुण लिहून होईपर्यंत आपसात बोलू देऊ नका. एकानं "वा!" म्हटलं की बाकी दोघांच्या पेन्सिली हलतात.

दोघींचे गुण सारखे झाले तर पुन्हा चाखा, पण उरलेलं अन्न गरम करून. आणि सरपंचांना बक्षीस वाटायला जरूर बोलवा, गुण द्यायला बसवू नका. त्यांच्या घरची कोणी स्पर्धेत असो वा नसो, वर्षभर तुम्हाला त्याचा खुलासा करत बसावं लागेल.